लायनरचा कान

मांडवगण फराट्यात रखमाजीच्या घरी जाऊन कुठलीही वस्तू उलटी करून बघा, तिच्यावर खूण सापडणारच. एक तिरपा काप आणि त्याच्या शेजारी एक खाच. खुरप्याच्या मुठीवर आहे, प्लास्टिकच्या खुर्चीच्या पायावर आहे, पोरानं हौसेनं घेऊन दिलेल्या मोबाइलच्या कव्हरवरही आहे. सून सारिका माहेराहून नवाकोरा स्टीलचा डबा घेऊन आली, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या बुडाला कानस लागलेली. ती बिचारी चार दिवस सासऱ्याशी बोलली नाही. रखमाजीला त्याचं काय? घरात आलेली वस्तू म्हणजे कळपात आलेलं मेंढरू, आणि कान कापल्याशिवाय मेंढरू आपलं कसं म्हणायचं?

ही खूण त्याच्या आज्याची. पूर्वी हे सगळं घराणं मेंढरांमागं हिंडणारं. प्रत्येक कळपाची कानाची खूण वेगळी. नदीच्या उताराला दोन कळप एकमेकांत मिसळले तर हमरीतुमरीवर यायचं नाही. मेंढराचा कान धरायचा, बघायचा आणि ज्याचं त्याला देऊन टाकायचं. तिथं शपथा लागत नव्हत्या आणि साक्षीदारही लागत नव्हते. रखमाजीचं अर्धं आयुष्य या रीतीत गेलं. बाकीचं जग वेगळ्या रीतीनं चालतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही, त्यानं ऐकून घेतलं नव्हतं.

मग एका वर्षी त्याच्या बायकोनं, कुशाबाईनं, गाढवावरचं बिऱ्हाड उतरवलं आणि ठणकावून सांगितलं, की आता ती एक पाऊल पुढं चालायची नाही. पोरगा शाळेत जाईल आणि घराला भिंती असतील. रखमाजीनं खूप आदळआपट केली, पण कुशाबाईपुढं त्याची कधी मात्रा चालली होती म्हणून तेव्हा चालेल? घरापुरती चार मेंढरं ठेवून त्यानं सगळा कळप विकला, आणि त्या पैशातून पहिली वस्तू घेतली ती विहिरीवरचं डिझेल इंजन. एका सिलिंडरचं, हिरव्या रंगाचं, ढकढक करणारं. कळप विकल्यावर त्याला रात्री झोप लागायची नाही, कारण आजूबाजूला श्वास ऐकू यायचा नाही. इंजन आलं आणि पुन्हा दारात काहीतरी जिवंत आहे असं त्याला वाटायला लागलं. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण कुशाबाईला ते ठाऊक होतं.

तर असं हे इंजन अलीकडं धापा टाकायला लागलं. काळा धूर ओकायचं, आणि पाणी पाइपाच्या तोंडाशी येऊन दम तोडायचं. पोरगा संपत रांजणगावच्या कंपनीत कामाला, राहायला कारेगावात. सुट्टीला आला की त्याची एकच टकळी: हे धूड भंगारात घाला, सोलर पंपाचा अर्ज करू, उन्हाबरोबर पाणी. पोरगं वाईट बोलत नव्हतं. म्हातारा बाप डिझेलचा कॅन घेऊन बांधावरून जातो आणि एकटाच दांडा मारतो याची त्याला काळजी. पण बोलायची एक पद्धत असते की नाही? ज्या इंजनावर तू लहानाचा मोठा झालास त्याला धूड म्हणतोस? रखमाजीचं डोकं सटकलं. कुशाबाईसमोर त्यानं पोराला शब्द देऊन टाकला.

"एकदा मला घरी खोलून बांधू दे. बांधून चाललं न्हाई, तर भंगारवाल्याच्या टेंपोत मी माझ्या हातानं चढवीन."

संपतनं लगेच मान हलवली. बापाचा शब्द म्हणजे काय असतो हे त्याला माहीत होतं, आणि बापाच्या हाताला आता कंप सुटतो हेही त्यानं बघितलं होतं.

रखमाजीनं इंजन दारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आणलं आणि उघडलं. यापूर्वी त्यानं ते दोनदा बांधलेलं, त्यामुळे हात सरावाचे. आतला लायनर, म्हणजे ज्या गोल लोखंडी नळकांड्यात पिस्टन वरखाली होतो तो, पार झिजलेला. मूळ कंपनीचा माल कधीच बंद झाला होता. म्हणून शिरूरला हृतिकच्या स्पेअरपार्टच्या दुकानातून बाहेरच्या बनावटीचा नवा आणला. खोका कसला देखणा, सोनेरी अक्षरं, चकचकीत स्टिकर. हृतिक तरणाताठा गडी, तोंडात साखर. आबा, डोळे झाकून बसवा, म्हणाला. रखमाजीनं डोळे झाकले नाहीत, पण कानस मात्र घेतली. लायनरच्या खालच्या कडेला, जिथं कशालाच धक्का लागत नाही अशा जागी, एक तिरपा काप आणि शेजारी एक खाच मारली. नवं मेंढरू कळपात आलं.

इंजन जोडलं, लायनर गार ठेवायला टाकीतून पाणी सोडलं, दांडा फिरवला आणि दुसऱ्याच झटक्यात ते धडधडायला लागलं. काय तो आवाज! शेजारची राजश्री हातातली धुणी टाकून बघायला आली. कुशाबाईनं हळदीकुंकू वाहिलं. रखमाजी दिवसभर उगाच इंजनाभोवती घुटमळत राहिला, जेवायलासुद्धा शेडमध्येच बसला.

दुसऱ्या दिवशी ऑइल मोजायची पट्टी ओढून बघतो तर तिला ताक लागलेलं. म्हणजे ऑइलच, पण पांढरं फटक. ऑइलमध्ये पाणी उतरलं होतं. आता पाणी उतरायला दोनच वाटा: एक तर बांधणारा चुकला, नाहीतर माल खोटा. आणि गावात या दोनांपैकी कुठली वाट लोक आधी धरतात? सगळे म्हणाले, पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगा नीट बसल्या नसतील, वय झालं आता. रखमाजीनं मुकाट्यानं सगळं पुन्हा खोललं, नव्या रिंगा घातल्या, चाचपून चाचपून बसवलं. पुन्हा ताक. तेवढ्यात संपत सुट्टीला आलेला. त्यानं पट्टी बघितली, पुसली, जागेवर ठेवली आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "आबा, हात ऱ्हायला न्हाई आता तुमचा."

ओरडला असता तर परवडलं असतं. रखमाजीला ते इतकं लागलं, की त्यानं त्या दिवशी मेंढरंसुद्धा सोडली नाहीत. संपतनं भंगारवाल्याला पुढच्याच्या पुढच्या रविवारचा निरोप देऊन टाकला. शब्द म्हणजे शब्द.

आणि मग कुशाबाईनं तोंड उघडलं. ती चुलीपुढून म्हणाली, की बाजारात घागर घेताना आपण पाणी भरून बघतो, पाझरते का म्हणून. मग ह्या घागरीनं काय पुण्य केलंय की तिला न बघता घरात घेतली? रखमाजी ताडकन उठला. लायनर बाहेर काढला, खालून ग्रीस लावून रबराच्या तुकड्यावर उभा केला. तंबाखूच्या डबीतला चुना पाण्यात कालवून बाहेरून फासला. चुना वाळून पांढरा झाल्यावर आत डिझेल भरलं आणि समोर बसला. मेंढरं राखलेल्या माणसाला बसायचं शिकवावं लागत नाही. बऱ्याच वेळानं पांढऱ्या चुन्यावर मधोमध एक काळपट ठिपका उमटला. बघता बघता तो ओला होऊन पसरला. लोखंड ओततानाच आत बारीक पोकळी राहिलेली. वरून दिसायला राजबिंडा, आतून चाळण.

"माझा हात ठीक हाय," तो कुशाबाईला म्हणाला. ती म्हणाली, तिला ते आधीच माहीत होतं, जाऊन त्या दुकानदाराला सांगा.

तो गेला. आणि इथं त्याची खूण त्याच्याच अंगावर उलटली. हृतिकनं लायनर फिरवून बघितला, खालच्या कडेवर बोट ठेवलं आणि चार गिऱ्हाइकांदेखत हसला. म्हणाला, "आबा, ह्याला तुम्ही कट मारलाय. कंपनी वापस घेणार नाही. असला खुणेचा माल आता जगात कोण घेईल?"

रखमाजीनं चुन्याचं सांगितलं, ठिपक्याचं सांगितलं, वीस वेळा सांगितलं. हृतिक आपला दरवेळी त्या खाचेवर बोट ठेवायचा. बाकीची गिऱ्हाइकं म्हाताऱ्याकडं कीव आल्यासारखी बघायला लागली, तशी रखमाजीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ठेव मग तुझ्याच देव्हाऱ्यात, पूजा कर, असं म्हणून त्यानं लायनर गल्ल्यावर आपटला आणि तडक स्टँड गाठला. घरी येईपर्यंत राग ओसरला आणि अक्कल आली. कुशाबाईनं कपाळाला हात लावला. पुरावा होता तो, आणि हा बहाद्दर तो चोराच्याच घरात ठेवून आला! ती जे जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

रविवार जवळ येत चालला. खोललेलं इंजन शेडमध्ये तसंच पडलेलं. रखमाजी त्याच्याकडं पाठ करून बसायला लागला.

अशात एका सकाळी भीमेच्या पलीकडून, दौंड तालुक्यातून, सोपानराव मोटारसायकलवर आला. सोपानराव शेवंती आणि भाजीपाला पिकवणारा बागाईतदार, साठीचा. त्याच्या बापाच्या काळी रखमाजीचा कळप खतासाठी त्यांच्या रानात बसायला असायचा, रात्र रात्र. तेव्हापासूनची ओळख; रखमाजी त्याचा मामा. सोपानरावाच्या विहिरीवरही तसलंच एका सिलिंडरचं इंजन होतं आणि तेही बांधायला काढलेलं. त्यानं पिशवीतून एक खोका काढला. तीच सोनेरी अक्षरं, तोच स्टिकर.

"मामा," तो म्हणाला, "तुमचं एक मेंढरू चुकून माझ्या दावणीला आलंय."

खोक्यात लायनर होता. वर प्लास्टिक, सील, सगळं नवं. खालच्या कडेला ग्रीस थापलेलं. सोपानरावानं ते फडक्यानं पुसलं तेव्हा बोटाला काहीतरी अडकलं होतं. एक तिरपा काप, शेजारी खाच. दुसरा कुणी असता तर त्याला ते कारखान्यातलं खरचटणं वाटलं असतं. पण सोपानराव लहान असताना एका कोकराचा कान कापताना रडला होता, आणि रखमाजीनं त्याला मांडीवर घेऊन समजावलं होतं, की रडू नकोस, आता हे कुठंही गेलं तरी हरवायचं न्हाई. ती खूण तो कशी विसरेल?

रखमाजीनं लायनर हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला आणि कितीतरी दिवसांनी मोठ्यांदा हसला. मग फेटा बांधला. कुशाबाईनं भाकरी बांधून दिली, सोपानरावानं डिझेलचा कॅन भरून घेतला, आणि दोघं शिरूरला निघाले.

दुकानात गर्दी होती. हृतिकनं तोंडभरून या म्हटलं. रखमाजीनं लायनर गल्ल्यावर ठेवला आणि हा कुणाचा असं विचारलं. सोपानरावांचा, कालच नेलाय, हृतिक म्हणाला. नवा का? एकदम नवा, सीलपॅक. आजूबाजूच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल इतपत रखमाजीनं ते त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. आणि मग लायनर आडवा केला.

"मंग ह्याचा कान कुणी कापला?"

हृतिक कडेवर वाकला. रखमाजीनं मोबाइल काढून लायनरशेजारी पालथा ठेवला. त्याच्याशेजारी तंबाखूची डबी ठेवली. हातातली काठी आडवी ठेवली. चारींवर एकच खूण. लोकांनी माना पुढं काढल्या. सोपानरावानं त्यांना कानाची रीत सांगितली, सीलबंद खोका दाखवला, आणि हाच लायनर परवा ह्याच गल्ल्यावर हे मामा रागानं टाकून गेले होते हेही सांगितलं. त्या दिवशी हजर असलेला एक ट्रॅक्टरवाला नेमका तिथंच उभा होता. त्यानं व्हय, मी बघितलंय, म्हणून मान डोलावली.

हृतिकचा चेहरा पडला. कामगारानं चुकून भरला असेल, गोडाउनमध्ये घोटाळा झाला असेल, असं बरंच काही तो बोलला. मग आवाज खाली आणून म्हणाला, आबा, आत या, चहा घ्या, दोघांनाही चांगले निवडून देतो, बाहेर कशाला गाजावाजा. अहो, सौदा काही वाईट नव्हता. सोपानरावाचा पाय आत वळलासुद्धा. पण रखमाजी जागचा हलला नाही.

"आत येऊन काय करू? खोटं भाईर इकलंस, आता खरं बी भाईरच दे."

आणि तो दुकानाच्या पायरीवर, भर उन्हात, ठाण मांडून बसला. घरून आणलेले रबराचे तुकडे मांडले, ग्रीस लावलं, चुना कालवला. आधी आपला खुणेचा लायनर उभा केला आणि डिझेल भरलं. त्याच्या अंगावर ठिपका उमटला तेव्हा बघ्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. मग त्यानं फळीवरचे आणखी मागवले. हृतिक नाही म्हणू शकला नाही, एवढी माणसं समोर. दुसराही पाझरला. तशी सकाळी माल घेऊन गेलेली दोन माणसं परत येऊन आपापले खोके घेऊन पायरीशी बसली, आबा, आमचा बी बघा म्हणून. हृतिक आत-बाहेर करत राहिला, फोनवर पुण्याच्या माल पाठवणाऱ्यावर तापत राहिला. रखमाजीनं भाकरी सोडली, सोपानरावाला अर्धी दिली आणि निवांत जेवला. ऊन कलेपर्यंत फळीवरच्या मालातले जे दोन लायनर पांढरे खडखडीत राहिले, त्यांतला एक त्यानं सोपानरावाला दिला. दुसरा मांडीवर घेतला आणि खिशातली कानस काढली.

हृतिकच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, की आबा, कट मारला तर वापस घेता येणार नाही. पायरीवरची सगळी माणसं हसली. परत देतोय कोण, रखमाजी म्हणाला, आणि सगळ्यांदेखत त्यानं खालच्या कडेला काप मारला, खाच मारली, फुंकर घालून लोखंडाचा कीस उडवला.

आता राहिला तो पाझरणारा, खुणेचा. हृतिकनं त्याला हात घातला, म्हणाला, हा राहू द्या, मी कंपनीला पाठवतो. रखमाजीनं त्याचा हात बाजूला केला.

"तू म्हणला व्हतास, खुणेचा माल जगात कोण घेईल. मी घेतो. खूण माझी हाय."

दुकानातल्याच फळीवरची हातोडी त्यानं उचलली आणि लायनर पायरीवर आडवा धरून असा हाणला, की रस्त्यापलीकडच्या रसवंतीवाल्यानं मान वळवली. हाताला कंप होता की नव्हता कोण जाणे, घाव मात्र जिथं पाहिजे तिथंच बसला. ओतीव लोखंड, तुकडे तुकडे झाले. एकही तुकडा तिथं न ठेवता त्यानं ते वेचून पिशवीत भरले, आणि कडेचा खुणेचा तुकडा बंडीच्या खिशात टाकला. तिसऱ्या माणसाच्या दावणीला ते मेंढरू जाणार नव्हतं.

रविवारी संपत आला तो भंगारवाल्याच्या टेंपोतूनच. बापाला वाईट वाटू नये म्हणून वाटेत त्यानं पेढे घेतलेले, वेड्यानं. विहिरीकडून ढकढक ऐकू आली तेव्हा त्याला आधी खरं वाटेना. तो धावत बांधावर गेला. पाइपातून मांडीएवढी धार पडत होती आणि रखमाजी पाटात पाय सोडून बसलेला. संपतनं इंजन थांबवायला लावलं, पट्टी ओढली, शर्टाला पुसली, पुन्हा बुडवली, पुन्हा ओढली. ऑइल काकवीसारखं, स्वच्छ. बोटावर घेऊन त्यानं वास घेतला. बापाचा तळहात हातात घेऊन त्यानं उलटासुलटा करून बघितला, लहानपणी बघायचा तसा, आणि त्याचे डोळे भरून आले. चुकलो आबा, एवढंच तो म्हणाला. रखमाजीनं हात सोडवून घेतला नाही.

इकडं भंगारवाला खोळंबलेला. तो कुरकुरायला लागला, की एवढ्या लांबून बोलावलं, आता रिकामा टेंपो नेऊ का? संपत त्याला भाडं देऊन वाटेला लावणार, तेवढ्यात रखमाजी उठला.

"थांब. मी शब्द दिलाय. माझ्या हातानं चढवीन म्हणलं व्हतं."

हट्टाला पेटला तर हा म्हातारा चालतं इंजनही उचलून देईल, याचा नेम नाही. कुशाबाई मात्र दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. रखमाजी शेडमध्ये गेला, पिशवी घेऊन आला, आणि तिच्यातले लोखंडाचे तुकडे एकेक करून आपल्या हातानं टेंपोत ठेवले. भंगारवाल्यानं ते हलवून, जुळवून बघितले. धंद्यातला माणूस, त्याच्या लगेच लक्षात आलं.

"आबा, कडेचा एक तुकडा कमी हाय ह्यात."

रखमाजीनं बंडीच्या खिशावर हात ठेवला.

"त्यो भंगार न्हाई," तो म्हणाला, आणि इंजन चालू करायला विहिरीकडं वळला.